एमजीबी सुरू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटन-अमेरिकेत राहून हौसेने एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणारी आणि भारतात जुनी एमजी जपणारी मराठी मंडळी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी रचनेने साधी आहे: १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे बी-सिरीज इंजिन, लुकास कंपनीची वायरिंग, पेट्रोल खेचणारा एसयू कंपनीचा पंप. ती रुसली तर कारण बहुधा एखाद्या सांध्यात असते. पण ते सापडायच्या आधीच लोक कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग), पंप, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) अशी खरेदी करून मोकळे होतात. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी काय तपासायचे ते सांगितले आहे. भाग बदलायची वेळ त्यानंतर येते.

१. गाडी सुरू होत नाही. नेमकी सुरुवात कुठून करू?

चावी फिरवा आणि ऐका. इंजिन फिरतच नसेल किंवा रडतखडत फिरत असेल, तर दोष बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये आहे. प्रश्न ३ ते ७ पाहा. इंजिन जोमात फिरते पण पेट घेत नाही, तर आधी ठिणगी तपासा (प्रश्न ८ आणि ९) आणि मग पेट्रोल (प्रश्न १२ आणि १३). हा क्रम उलटा करू नका. ठिणगी पाहायला काही मिनिटे लागतात, कार्ब्युरेटर उघडला की दिवस जातो, आणि वर त्याचे सेटिंग बिघडते ते वेगळेच.

हत्यारे फार लागत नाहीत: मल्टीमीटर, प्लगचा पाना, दोन्ही टोकांना क्लिप असलेली एक लांब वायर आणि १२ व्होल्टचा बल्ब लावलेला टेस्टर. हा बल्ब मल्टीमीटरइतकाच महत्त्वाचा आहे. वायरची एकच तार शाबूत राहिली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला मात्र खरा करंट लागतो, म्हणून तो मंद पेटतो आणि दोष उघड करतो.

२. माझी गाडी नेमकी कोणत्या वर्षाची आहे याने काय फरक पडतो?

बराच पडतो. १९६७ च्या अखेरीस मार्क टू ही पुढची आवृत्ती येईपर्यंत एमजीबीची बॉडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडलेली (पॉझिटिव्ह अर्थ) असे, डायनॅमो होता आणि सेल्फ जुन्या धाटणीचा होता. मार्क टू पासून निगेटिव्ह अर्थ, ऑल्टरनेटर आणि सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा विजेचा स्विच) अंगावरच असलेला सेल्फ आला. १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आले, तेव्हा इग्निशनही बदलले (प्रश्न ११). सीटमागच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या जाऊन १२ व्होल्टची एकच बॅटरी आली, तीही त्याच सुमारास.

आधीच्या मालकाने काय काय बदलले आहे ते मात्र वर्षावरून कळत नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या कित्येक गाड्या पुढे निगेटिव्ह करून घेतलेल्या असतात. बॅटरीच्या कोणत्या टोकाची केबल बॉडीला जाते ते डोळ्यांनी पाहा, कागदपत्रांवर विसंबू नका.

वायरचे रंग लक्षात ठेवा. तपकिरी वायर बॅटरीकडून येते आणि सतत जिवंत असते. पांढरी इग्निशन चालू केल्यावर जिवंत होते. पांढरी-काळी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) जाते. काळी म्हणजे अर्थ.

३. चावी फिरवली की काहीच होत नाही, किंवा नुसता टक आवाज येतो. सेल्फ गेला का?

इतक्यात तसे ठरवू नका. हेडलाइट लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगून दिव्यांकडे पाहा.

दिवे एकदम विझले, तर बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा मुख्य केबलच्या एखाद्या टोकावर गंज चढला आहे. दिव्यांपुरता करंट तिथून जातो, सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा जात नाही. दिवे बरेच मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा सेल्फ अडकला आहे (प्रश्न ६). दिव्यांवर काहीच परिणाम झाला नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही: चावीचा स्विच, सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर, किंवा १९७० च्या दशकातल्या गाड्यांत असलेला स्टार्टर रिले.

बॅटरी सुस्थितीत असेल तर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. तोवर पुढची कोणतीही चाचणी विश्वासाची नाही.

४. सेल्फ मारताना चोकची केबल गरम होते, एकदा तर धूर आला. हे काय आहे?

इंजिनची अर्थिंग पट्टी तुटली आहे किंवा सैल झाली आहे. हे लक्षण दिसले की सेल्फ मारणे तिथल्या तिथे थांबवा.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटांवर बसलेले असतात, त्यामुळे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेले असतात. सेल्फमधून गेलेला करंट बॅटरीकडे परतायला एकच जाड पट्टी ठेवलेली असते. जुन्या गाड्यांत ती गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटजवळ असते, उशिराच्या गाड्यांत पुढे इंजिनच्या माउंटजवळ. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम झाल्यावर ती परत लावायची राहून जाते, किंवा रंगावरच आवळली जाते. मग करंट मिळेल त्या वाटेने परततो, आणि चोक व ॲक्सिलरेटरच्या लोखंडी केबल या त्याच वाटा आहेत.

पट्टी जागेवर आहे एवढे पाहून समाधान मानू नका. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबाला लावा, क्लॅम्पला नाही. दुसरे इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली राहिला पाहिजे. जास्त आला, तर मीटरचे टोक एकेका सांध्यावर सरकवत या. जिथे आकडा एकदम उडी घेतो तो सांधा दोषी. मग बॅटरीचा दुसरा खांब आणि सेल्फचा बोल्ट यांच्यात हीच चाचणी करा. सांधा उघडून धातू चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, आवळा, आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा.

एमजीबीवर एकच चाचणी शिकायची असेल तर ही शिका. सेल्फ नवा टाकूनही इंजिन मंदच फिरते अशा बहुतेक तक्रारी इथे सुटतात.

५. माझ्या गाडीत दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत. एकच बदलली तर चालेल?

दोन्ही एकदमच बदला. त्या एकापुढे एक जोडलेल्या असल्याने नवी बॅटरी जुनीच्या ताकदीपुरतीच चालते. दोष कोणत्या बॅटरीत आहे ते शोधायला सेल्फ मारताना दोघींचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. एक पाचाच्या आसपास राहिली आणि दुसरी तीनवर आली, तर उत्तर मिळाले. दोघींना जोडणारी मधली केबलही याच वेळी मोजा. ती फळीखाली दडलेली असते आणि वर्षानुवर्षे कुणी तिच्याकडे पाहत नाही. एका कप्प्यात १२ व्होल्टची एकच बॅटरी बसवून घेणे हा सोपा बदल आहे आणि मी तोच सुचवेन.

६. सेल्फ गरगर फिरतो, पण इंजिन हलत नाही. आणि कधी कधी तो अडकतोच.

ही १९६७ पर्यंतच्या सेल्फची खोड आहे. त्यात सेल्फने वेग घेतला की दातेरी चाक आट्यांवरून झटक्याने पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसते. त्या आट्यांवर क्लचची धूळ आणि तेल साचले की ते सरकत नाही. सेल्फ काढून तो भाग रॉकेलने धुवा आणि कोरडाच बसवा. तेल घातले तर धूळ पुन्हा चिकटते.

चाक दात्यांत अडकले असेल, तर इग्निशन बंद करा, टॉप गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि सपाट जागी गाडी मागेपुढे हलवा. सेल्फच्या मागच्या टोकाला चौकोनी दांडा असतो, तो पान्याने फिरवूनही चाक सुटते. वारंवार अडकत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते झिजले आहेत.

७. दुसऱ्या गाडीवरून जंप देता येईल का?

येईल. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह, हा नियम पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीलाही लागू आहे. फक्त तशा गाडीची बॉडी पॉझिटिव्ह असते आणि मदतीला आलेल्या गाडीची निगेटिव्ह. म्हणून दोन्ही गाड्यांचे बंपर किंवा कोणताही धातू एकमेकांना टेकता कामा नये, आणि 'शेवटची क्लिप बॉडीला लावा' हा नेहमीचा सल्ला इथे आंधळेपणाने पाळू नका. दोन बॅटऱ्या असतील तर क्लिपा जोडीच्या दोन बाहेरच्या टोकांना लागल्या पाहिजेत. एकाच ६ व्होल्टच्या बॅटरीवर १२ व्होल्ट देणे धोक्याचे आहे.

८. इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही. ठिणगी आहे की नाही कसे ओळखू?

आधी आरपीएमचा काटा पाहा. सेल्फ मारताना तो किंचित थरथरला, तर पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले विजेचे संपर्क, उघडमीट करताहेत आणि कॉइलला वीज मिळते आहे. पुढे कॉइलची जाड वायर, रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग), कॅप (डिस्ट्रिब्युटरचे झाकण), प्लग तपासा. काटा निपचित असेल तर प्रश्न ९.

खात्रीसाठी एक प्लग काढून त्याच्या वायरला लावा, प्लगचे धातूचे अंग इंजिनला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारा. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी सिलिंडरच्या आतल्या दाबाखाली टिकत नाही. आजूबाजूला पेट्रोलचा वास असेल तर ही चाचणी करू नका, आणि प्लग हातात न धरता क्लिपने धरा.

९. ठिणगीच नाही. कॉइल बदलू?

कॉइल हा शेवटचा संशयित ठेवा. इग्निशन चालू करा. कॉइलच्या ज्या टोकाला पांढरी वायर येते तिथे वीज आहे का ते बल्बने पाहा. नसेल तर कॉइलचा दोष नाही. जुन्या गाड्यांत पंपही पांढऱ्या वायरवरच असतो, म्हणून पंपही मुका असेल तर चावीचा स्विच किंवा वायरिंगमधला एखादा गोळीच्या आकाराचा कनेक्टर सुटला आहे. ही वायर फ्यूजमधून जात नाही, त्यामुळे सगळे फ्यूज शाबूत असणे हा कसलाच पुरावा नाही. साधारण १९६४ ते १९७२ च्या गाड्यांत कॉइलचा करंट आरपीएम मीटरमधून जातो. डॅशबोर्डमागे हात घातल्यानंतर गाडी बंद पडली असेल तर तिथले जोड आधी पाहा.

पांढऱ्यावर वीज असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या, पांढऱ्या-काळ्या वायरच्या टोकावर मोजा. पॉइंट उघडे असताना तिथे बॅटरीइतके व्होल्ट आणि बंद असताना जवळपास शून्य दिसायला हवेत. सतत १२ दिसत असतील, तर पॉइंट जळले आहेत, बंदच होत नाहीत, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक अर्थ वायर तुटली आहे. सतत शून्य असेल, तर डिस्ट्रिब्युटरची वायर काढून पुन्हा मोजा. आता १२ आले, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे: बहुधा पॉइंटच्या खांबावरची प्लास्टिकची वॉशर चुकीच्या क्रमाने बसली आहे, नाहीतर कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा भाग) शॉर्ट झाला आहे. तरीही शून्यच राहिले, तर आता कॉइल आतून तुटली आहे असे म्हणायला हरकत नाही.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा.

१०. सर्व्हिसिंगमध्ये नवा रोटर आणि कंडेन्सर टाकला आणि तेव्हापासूनच त्रास सुरू झाला. नवा भाग खराब असू शकतो?

हो, आणि या दोन भागांच्या बाबतीत तर फार वेळा. हल्लीच्या स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते; ठिणगी त्या रिव्हेटमधून प्लास्टिक भेदून खालच्या दांड्यात शिरते आणि प्लगपर्यंत जातच नाही. कॅप काढून कॉइलची जाड वायर रोटरच्या पट्टीपासून पाचेक मिलिमीटरवर धरा, विद्युतरोधक हँडलच्या पकडीने, आणि पॉइंट हाताने उघडा. रोटरवर ठिणगी उडी मारत असेल तर रोटर गळतो आहे. चांगल्या रोटरवर ती उडणार नाही.

जुना, चालता भाग काढला तर फेकू नका. तो डिकीत ठेवा. रिव्हेट नसलेला रोटर चार पैसे जास्त देऊन घ्या.

११. चावी फिरवून धरली तोवर इंजिन पेटते, सोडली की लगेच बंद. असे का?

रबरी बंपरच्या गाड्यांत बॅलास्ट इग्निशन असते. कॉइल ६ व्होल्टची, सुमारे दीड ओहमची, आणि तिच्या वाटेत वायरिंगमध्येच गुंफलेली एक रोध असलेली वायर. सेल्फ मारताना सोलेनॉइड त्या वायरला वळसा घालून कॉइलला थेट बॅटरीची वीज देतो. चावी सोडली की पुन्हा रोधाच्या वायरवरच भिस्त. ती वायर किंवा तिचा जोड तुटला की नेमके हेच लक्षण दिसते.

याच्या उलट, चावी सोडता सोडताच इंजिन पेटत असेल, तर सोलेनॉइडवरची वळशाची वायर सुटली आहे किंवा सेल्फ बॅटरीला फार खाली ओढतो आहे (प्रश्न ४).

अशा गाडीत दुकानातली साधी १२ व्होल्टची, तीन ओहमची कॉइल बसवली तर ठिणगी कायम कमजोर राहते. आणि बॅलास्ट नसलेल्या जुन्या गाडीत ६ व्होल्टची कॉइल बसवली तर ती तापून जाते. कॉइल घेण्याआधी जुनीचा रोध मोजा.

१२. इग्निशन लावल्यावर मागून टिकटिक यायची, ती येत नाही. पंप गेला?

एसयूचा विजेचा पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. चांगला पंप भराभर टिकटिकतो आणि कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या भरल्या की थांबतो.

टिकटिकच नसेल, तर पंपाला लाकडी दांड्याने हलकेच टोकून पाहा. सुरू झाला तर त्याचे आतले पॉइंट जळले आहेत. घरी पोहोचाल, पण दुरुस्ती पुढे ढकलू नका. तरीही गप्प असेल तर आधी त्याच्याकडे येणारी वीज आणि त्याची काळी अर्थ वायर तपासा. चाकाजवळच्या चिखलात ती अर्थ वायर कुजते. काही उशिराच्या गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. खड्ड्यात चाक आदळल्यानंतर गाडी बंद पडली असेल तर तो दाबून परत बसवा.

पंप न थांबता टिकटिकत राहिला, तर टाकीत पेट्रोल नाही, पाइप कुठेतरी हवा ओढतो आहे, किंवा कार्ब्युरेटरची पेट्रोल अडवणारी सुई अडकून पेट्रोल बाहेर वाहते आहे. शेवटच्या शक्यतेत इग्निशन लगेच बंद करा.

१३. ॲक्सिलरेटर चारपाच वेळा दाबून सेल्फ मारतो, तरी थंड इंजिन पेटत नाही.

एसयू कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप नसतो. पेडल कितीही दाबले तरी जास्तीचे पेट्रोल जात नाही, उलट थ्रॉटल उघडल्याने खेच कमी होते. थंड इंजिनला पूर्ण चोक ओढा, पेडलला पाय लावू नका आणि सेल्फ मारा. चोकची मूठ बाहेर येते पण कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलच्या बारीक नळ्या) खाली उतरतच नाहीत, हेही वारंवार घडते. बोनेट उघडून, कुणाला तरी चोक ओढायला सांगून पाहा. जुन्या गाड्यांत दोन्ही जेट उतरले पाहिजेत.

प्लग ओले निघाले तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. चोक आत ढकला, पेडल पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा.

१४. लांबून आल्यावर पंधरावीस मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू होत नाही. थंड झाल्यावर ठीक.

कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या अगदी वर बसलेले आहेत. इंजिन बंद केल्यावर तिथली उष्णता वर चढते आणि वाट्यांतले पेट्रोल उकळते. चोक न लावता, पेडल अर्धे दाबून सेल्फ मारा. कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक पत्रा आणि त्यावरचे अस्तर जागेवर आहे का तेही पाहा. तरीही सुटले नाही तर गरम असतानाच ठिणगी तपासा: गरम झाल्यावर मरणारा कंडेन्सर हुबेहूब असाच वागतो आणि दोष पेट्रोलवर जातो.

१५. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होते का?

गाडी लगेच बंद पडत नाही, पण जुने रबर त्याने फुगते, मऊ होते आणि त्याचे कण सुईच्या जागी अडकतात. इथेनॉल ओलावाही ओढते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे. तिथे जास्त ऑक्टेनचे ई५ भरा. भारतात आता ई२० मिळते, तेव्हा पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा करून घेणे हाच खरा उपाय. महिनोन्महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकीतले पेट्रोल तसेच ठेवू नका.

१६. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, सकाळी सुरूच होत नाही.

कॅप, कॉइलचे तोंड आणि प्लगच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसा, कॅप आतूनही. रात्री अंधारात बोनेट उघडून कुणाला सेल्फ मारायला सांगा. वायरींवर निळी रेघ नाचताना दिसली तर त्या वायरी बदला. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर कॅप पुसून भागणार नाही.

१७. डिस्ट्रिब्युटर काढून बसवला, आता कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात.

वायरींचा क्रम चुकला आहे किंवा डिस्ट्रिब्युटर फिरवणारा दांडा अर्ध्या फेरीने उलटा बसला आहे. पेटण्याचा क्रम १-३-४-२ आहे, पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा, आणि रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. ही दिशा गृहीत धरण्यातच बहुतेकांचे चुकते.

१८. गाडी बरीच वर्षे उभी होती. थेट सेल्फ मारू?

नको. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडे इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. मग टॉप गिअरमध्ये गाडी ढकलून इंजिन सहज फिरते का पाहा. ऑइल बदला, आणि प्लग न लावताच, कॉइलची वायर काढून, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत असेल तर टाकी रिकामी करा. तो गाळ पंपातून कार्ब्युरेटरमध्ये गेला तर काम दुप्पट होते.

१९. अमेरिकेत १९७४ ची एमजीबी घेतली. बॅटरी, रिले, अर्थिंग सगळे ठीक, तरी सेल्फला वीजच जात नाही.

सीटबेल्ट लावून पाहा. त्या मॉडेल वर्षी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना, बेल्ट लावल्याशिवाय सेल्फ फिरू नये अशी यंत्रणा कायद्याने सक्तीची होती. लोकांना ती इतकी जाचली की त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने सक्ती उठवली. गाडीत ती अजून असेल तर सीटखालचा स्विच, बेल्टच्या कुलुपातला स्विच आणि त्यांचे कनेक्टर तपासा. कुणी ती अर्धवट कापून ठेवली असेल, तर त्या वर्षाचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवून सेल्फची वायर चावीपासून रिलेपर्यंत सलग करून घ्या.